तणनाशकाचा अंश : साखरेत किती, भाजीत किती, विहिरीत किती?



यंदाच्या गटसभांमध्ये उसाच्या बिलाखालोखाल जो प्रश्न विचारला गेला, तो तणनाशकाचा. एका गावी एक वयस्कर सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "माझी लेक पुण्याला असती. तिनं निरोप धाडलाय, आबा, येताना साखर आणू नका, साखरेत तणनाशक उतरतंय म्हनं. आता मी ह्या कारखान्याचा सभासद, सवलतीची साखर घरात पडून, आन् लेक नको म्हनती. तिला काय सांगू ते सांगा." सभेत हशा पिकला. पण चहाच्या वेळी तीन-चार जणांनी आम्हाला बाजूला घेऊन तोच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारला. तेव्हा हे हसण्यावारी नेण्याजोगं नाही, हे आमच्या ध्यानात आलं.

त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिलं ते घाईचं होतं. "काही नसतं हो साखरेत, बिनघोर खा," असं सांगून मोकळे झालो. उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं. मागाहून नीट हिशेब मांडायला बसलो तेव्हा कळलं, की लोक भितात एका जागी आणि धोका आहे दुसऱ्याच जागी. साखरेची भीती घालणारी माणसं पुण्या-मुंबईत आहेत, आणि खरी काळजी करण्याजोगी गोष्ट आपल्या बांधावर, चुलीवर आणि विहिरीत आहे.

साखरेचा हिशेब

आधी साखर उरकून घेऊ. आपण उसात मुख्यतः तीन तणनाशकं वापरतो. लागण झाल्यावर चार-पाच दिवसांत, वाफशावर, तण उगवायच्या आत अ‍ॅट्राझीन किंवा मेट्रिब्युझीन. आणि पुढं रुंद पानाचं तण वर आलं की २,४-डी. मोठ्या बांधणीनंतर पानांची सावली सरीवर पडते, आणि मग सहसा कोणी पंप पाठीवर घेत नाही. म्हणजे शेवटची फवारणी आणि कोयता यांच्यात सुरू उसाला आठ-नऊ महिने, आडसालीला वर्षाहून जास्त काळ जातो.

ही औषधं जमिनीत पडून राहत नाहीत. ओल, ऊन आणि मातीतले जिवाणू ती मोडतात. २,४-डी दीड-दोन आठवड्यांत निम्मं होतं. अ‍ॅट्राझीन चिवट, त्याला निम्म्यावर यायला साधारण दोन महिने लागतात, जमिनीप्रमाणं कमी-जास्त. दोन महिन्यांनी निम्मं, चार महिन्यांनी पाव, असं करत वर्षाअखेर चौसष्टावा हिस्सा उरतो, आणि तोही मातीत, उसाच्या कांड्यात नव्हे. पुढं कारखान्यात रस तापतो, चुना आणि गंधकाचा धूर देऊन गाळ खाली बसवतात, निवळ रस आटतो, पॅनमध्ये दाणा धरतो आणि मशीनमध्ये तो दाणा पाण्यानं धुतला जातो. साखरेव्यतिरिक्त रसात जे असतं त्याचा बहुतेक भाग गाळात नाहीतर मोलॅसिसमध्ये जातो. म्हणून आबांच्या लेकीला आमचा निरोप असा, की साखर कमी खा असं डॉक्टर सांगतात ते मधुमेहासाठी, आणि ते ऐकावं. तणनाशकासाठी साखर टाळायची गरज नाही.

गुळाचं थोडं वेगळं. गुळात दाणा वेगळा काढत नाहीत, सगळा रस आटवतात. त्यामुळं रसात जे येईल त्यातलं बरंच ढेपेत राहणार. पण वर सांगितलेला वर्षाचा अवधी गुळालाही आहेच. एक पथ्य मात्र पाळलं पाहिजे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात तोडणीच्या काही आठवडे आधी उसावर थोडं ग्लायफोसेट फवारतात, वाढ थांबून साखर लवकर भरावी म्हणून. तसला प्रयोग इकडे कुणी ऐकीव माहितीवर करू नये. आपली शिफारस तशी नाही, आणि वर्षाचा जो अवधी आपल्याला तारतो तोच त्यात हातचा जातो.

ही भीती आली कुठून

ग्लायफोसेटचं नाव निघालंच आहे, तर ही सगळी हवा कुठून सुटली ते सांगतो. ग्लायफोसेट १९७४ साली अमेरिकेत बाजारात आलं. हिरव्या पानावर पडलं की ते मुळापर्यंत उतरतं आणि झाडाची एक अशी रासायनिक वाट बंद करतं, जी माणसाच्या व जनावराच्या शरीरात नसतेच. म्हणून पुष्कळ वर्षं ते निर्धोक म्हणून खपलं. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, जिचं ठाणं फ्रान्समध्ये लिऑनला आहे, ग्लायफोसेट 'माणसाला बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातलं. जगभर गलका झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, आणि मे २०१६ मध्ये खुद्द आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञमंडळानं मत दिलं, की अन्नातून जेवढं पोटात जातं तेवढ्यानं कर्करोग होण्याचा संभव दिसत नाही.

आता सामान्य माणसानं कुणाचं ऐकावं? आमच्या मते दोघांचंही. कारण दोघांचे प्रश्न निराळे होते. नाग विषारी आहे का, हा एक प्रश्न. नाग गारुड्याच्या टोपलीत आहे की आपल्या अंथरुणात, हा दुसरा. लिऑनच्या संस्थेनं पहिल्याचं उत्तर दिलं, बाकीच्यांनी दुसऱ्याचं. त्याच संस्थेनं २०१५ मध्येच बकऱ्याचं, डुकराचं लाल मटणही 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात टाकलं आहे, आणि आपली सुपारी तर त्याच्याही वरच्या, 'नक्की कर्करोगकारक' या वर्गात आहे. सभेत तणनाशकावर तावातावानं बोलणाऱ्या काही जणांच्या गालात त्या वेळी काय होतं, ते आम्ही लिहीत नाही.

कंपन्यांचं सगळं खरं मानावं असंही नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या खटल्यांत मॉन्सॅन्टो कंपनीचे अंतर्गत कागद उघड झाले, तेव्हा शास्त्रीय लेखांच्या लिखाणात कंपनीच्याच माणसांचा हात किती होता याची चर्चा जगभर झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीनं ड्वेन जॉन्सन या माणसाच्या बाजूनं कोट्यवधी डॉलर भरपाईचा निकाल दिला. भरपाईची रक्कम पुढं वरच्या न्यायालयांनी बरीच उतरवली, पण निकाल राहिला. सभासदांनी या खटल्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जॉन्सन शाळांच्या आवारातलं गवत मारण्याचं काम करत होता. तो फवारणारा होता. औषधाचा अंश खाऊन आजारी पडलेला गिऱ्हाईक नव्हता.

शास्त्रज्ञांचा खरा वादही फवारणाऱ्यांबद्दलच आहे. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांत ५४ हजारांवर फवारणाऱ्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. २०१८ साली तिचा निष्कर्ष आला, की ग्लायफोसेटचा आणि रक्ताच्या-गाठींच्या कर्करोगाचा एकंदर संबंध दिसत नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी अनेक पाहण्या एकत्र करून सांगितलं, की सर्वांत जास्त संपर्क आलेल्यांत लसिका-गाठींच्या कर्करोगाचा धोका ४१ टक्क्यांनी वाढलेला दिसतो. वाद अजून मिटलेला नाही. पण तो पंपवाल्याच्या पाठीवरून चालू आहे, जेवणाऱ्याच्या ताटावरून कमी.

परदेशात ताटाबद्दल बोलतात त्यालाही कारण आहे. थंड मुलखात गहू, ओट, मसूर एकसारखे वाळत नाहीत, म्हणून काढणीच्या तोंडावर उभ्या पिकावर ग्लायफोसेट मारतात. मग अंश दाण्यात राहणारच. युरोपात गव्हात किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत तो कायद्यानं चालतो. आपल्याकडे गहू उन्हात आपोआप कडक होतो, त्याला असल्या औषधाची गरज नाही. बाहेरून येणाऱ्या डाळींबद्दल मात्र शंका आली तेव्हा २०१८ साली आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्या डाळी तपासायला सांगितलं. तिकडची भीती तिकडच्या पद्धतीतून आली. ती जशीच्या तशी आपल्या साखरेला चिकटवली, एवढीच चूक.

आणि कुणी म्हणेल, २,४-डी म्हणजे व्हिएतनामवर अमेरिकेनं टाकलेलं विष. अर्धं खरं आहे. त्या मिश्रणात दोन औषधं होती. २,४-डी हे एक, आणि २,४,५-टी हे दुसरं. पिढ्या बरबाद करणारं डायॉक्सिन दुसऱ्यातून आलं होतं. २,४-डी साधुसंत आहे असं नव्हे. लिऑनच्या संस्थेनं त्यालाही २०१५ साली 'कदाचित कर्करोगकारक' म्हटलं आहे. शेजारच्या द्राक्षबागेवर त्याचा फवारा वाऱ्यानं गेला तर पानं वळून जातात आणि दोन घरांचा पाण्याचा व्यवहार तुटतो, हे आपण पाहतोच.

तण म्हणजे कुणाची तरी भाजी

आता जे सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

भाद्रपदातली गोष्ट. आमच्या शेती विभागातला एक तरुण मदतनीस ऊस नोंदीला गेला होता. बांधाकडेच्या चार सऱ्यांत दोन बाया वाकून तांदुळजा खुडत होत्या. आदल्या दिवशी त्याच रानात पंप फिरलेला त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. तो म्हणाला, "मावशी, ही भाजी घेऊ नका. काल औषध मारलंय ह्यावर." मावशींनी एक जुडी वर धरून दाखवली. "आरं बाबा, औषध मारल्यालं असतं तर जळाली नसती व्हय? बघ की, कशी लुसलुशीत हाय!"

मावशींचं चुकलं कुठं? त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. पण ग्लायफोसेट मारलेलं तण चार-पाच दिवस, हराळी-लव्हाळ्यासारखं असेल तर आठवडा-दहा दिवस, वरून हिरवंच दिसतं. २,४-डी नं पानं लवकर वळायला लागतात, पण अगदी सुरुवातीला त्याचाही पत्ता लागत नाही. मधल्या काळात ते तण जेवढं ताजं दिसतं, तेवढंच औषधानं भरलेलं असतं. आणि धुऊनही भागत नाही, कारण ही औषधं पानावर बसून राहत नाहीत, आत शोषली जातात. तेच तर त्यांचं काम.

किती भरलेलं असेल, याचा आम्ही घरगुती हिशेब केला. आकडे अंदाजाचे आहेत, पण पद्धत साधी आहे, कुणीही ताडून पाहावी. समजा, ग्लायफोसेट हेक्टरी एक किलो शुद्ध पडेल अशा बेतानं फवारलं. म्हणजे गुंठ्याला १० ग्रॅम. त्यातलं निम्मं जमिनीवर गेलं आणि निम्मं, म्हणजे ५ ग्रॅम, पानांवर बसलं असं धरू. गुंठ्यात ५० किलो हिरवं तण असेल, तर किलोला १०० मिलिग्रॅम झालं. कायद्यानं ज्या औषधाला ज्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, तिथं आपल्याकडे किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा धरतात. म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम. मावशींच्या जुडीत त्याच्या दहा हजार पट निघतं!

घाबरवायचा हेतू नाही, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. मर्यादेपेक्षा जास्त म्हणजे लगेच आजार, असं नसतं. तज्ज्ञ आधी जनावरांवरच्या प्रयोगांत काहीही वाईट न दिसलेली मात्रा घेतात आणि ती शंभरानं भागतात. जनावर आणि माणूस यांत फरक म्हणून दहा, माणसामाणसांत फरक म्हणून आणखी दहा. ग्लायफोसेटसाठी युरोपनं अशी रोजची मात्रा शरीराच्या किलोमागं अर्धा मिलिग्रॅम धरली होती. साठ किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम झाले. जन्मभर रोज एवढं गेलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ. पाव किलो जुडीत आपल्या हिशेबानं २५ मिलिग्रॅम आहेत. म्हणजे मोठ्या माणसानं एखाद वेळी खाल्ली तर आभाळ कोसळणार नाही. पण त्याच ताटावर पंधरा किलो वजनाचं नातवंड बसलं असेल, तर त्याची मात्रा साडेसात मिलिग्रॅम. पाऊण वाटीत ती ओलांडते. आणि पावसाळाभर ह्या रानातून त्या रानात बायका भाजी खुडत फिरल्या, तर 'एखाद वेळ' कुठं राहिली?

पुण्याच्या लेकीला साखरेची चिंता आहे. आणि इथं साखरेपेक्षा कितीतरी पट औषध ज्या जुडीत असू शकतं, ती जुडी आपण "रानभाजी, एकदम शुद्ध" म्हणून कौतुकानं चुलीवर चढवतो. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, टाकळा ही आपली गरिबाघरची खरी भाजी. डॉक्टर म्हणतात लोहासाठी खा. ती जिथं उगवते तो बांध आणि सरी आपणच मालक म्हणून फवारतो, आणि खाणारी असते ती भांगलणीला येणारी बाई, जिला आपण काल काय मारलं ते सांगायची पद्धत नाही. भांगलणीला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक आलं. ते आम्हाला ठाऊक आहे आणि ते सोडा असं आम्ही म्हणत नाही. पण ज्याला आपण तण म्हणतो ते सगळ्यांनाच तण नसतं.

वैरणीचंही तेच. बांधावरचं गवत मारलं, दोन दिवसांनी कुणीतरी भारा कापून म्हशीपुढं टाकला. काही औषधांच्या डब्यावर फवारणीनंतर जनावरं किती दिवस चारू नयेत ते लिहिलेलं असतं. ते वाचावं. लिहिलेलं नसेल, तर ते गवत वैरणीला नेऊच नये.

बांधावर ग्लायफोसेट मारताना आणखी एक माहिती असू द्या. आपल्या देशात त्याची नोंदणी चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा एवढ्यासाठी झालेली आहे. उभ्या उसात ते मारणं नोंदणीत बसत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच व्हावा असंही म्हटलं. दुकानदार हे सांगत नाही. म्हणून आम्ही सांगतो.

चिमूटभर पावडर आणि तीन लाख लिटर पाणी

ग्लायफोसेट मातीला घट्ट धरून राहतं. अ‍ॅट्राझीनचा स्वभाव उलटा. ते मातीत फारसं अडकत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं, आणि खोल पाण्यात ऊन नाही, जिवाणू थोडे, म्हणून तिथं ते लवकर मोडत नाही. युरोपनं २००४ साली अ‍ॅट्राझीनला पुढं परवानगी नाकारली ती अन्नातल्या अंशावरून नव्हे, भूजलात ते मर्यादेबाहेर सापडत होतं म्हणून. अमेरिकेत अजून वापर आहे, पण तिथंही २०१२ साली उत्पादक कंपनीनं पाणीपुरवठा संस्थांशी साडेदहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली, पाणी स्वच्छ करण्याच्या खर्चापोटी.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अ‍ॅट्राझीनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा कानाला काहीच वाटत नाही, म्हणून तो विहिरीत उतरवून पाहू. तीस फूट व्यासाची विहीर, पंधरा फूट पाणी. त्यात होतं तीन लाख लिटर. सगळ्या विहिरीला मर्यादेपर्यंत नेण्यासाठी शुद्ध अ‍ॅट्राझीन लागतं ०.६ ग्रॅम. आपण आणतो ती पावडर ५० टक्क्यांची. म्हणजे सव्वा ग्रॅम. चहात घालतो त्या साखरेच्या चमच्याचा साधारण पाव भाग!

हे गणित आम्ही तीनदा केलं, कारण आमचाच विश्वास बसेना.

आता आठवा, आपण काय करतो. पंप भरायला विहिरीवर जातो. पावडर तिथंच बादलीत कालवतो. काम झालं की पंप तिथंच विसळतो, आणि रिकामी पिशवी काठावर टाकून येतो. पिशवीच्या कोपऱ्यात चिकटून राहिलेली पावडरच सव्वा ग्रॅमाहून जास्त भरेल. रानात शेरभर टाकलेलं औषध मातीतून झिरपत विहिरीपर्यंत येईपर्यंत त्याचा पुष्कळ भाग वाटेत मोडतो. काठावर विसळलेलं थेट पोचतं. मर्यादा ओलांडली म्हणजे पाणी प्यायल्याबरोबर माणूस पडेल असं नाही. ती मर्यादा जन्मभर पिण्याच्या हिशेबानं ठरवलेली आहे. पण विहीर तरी आपण जन्मभरच पितो ना? आणि उकळून किंवा तुरटी फिरवून अ‍ॅट्राझीन जात नाही, हेही सांगून ठेवतो.

उपाय खर्चाचा नाही. पाणी पिंपात भरून रानात न्यावं, पावडर रानात कालवावी, पंप रानातच तीन वेळा विसळून ते पाणी त्याच सरीत फवारून टाकावं. विहिरीपासून, ओढ्यापासून चार सऱ्या हातखुरपणीनं काढाव्या, तिथं पंप नेऊच नये. बांध हा औषधाचा नव्हे, खुरप्याचा आणि वैरणीचा, असा एकदा ठराव घराघरात केला तर बरं.

फवारणाऱ्याबद्दल वर आलंच आहे. अनवाणी पायानं ओल्या सरीतून मागं मागं चालत फवारणं, नोझल अडकलं की तोंडानं फुंकणं, तीच पँट दोन दिवस घालणं, आणि मग घरच्या बाईनं ती बाकीच्या कपड्यांबरोबर धुणं. अंश पोटात जायचा हा खरा राजरस्ता आहे, ताट नव्हे. २०१७ साली यवतमाळ भागात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हेत, पण कातडी आणि श्वास दोन्हींना सारखेच.

विषय अंशाचा आहे, तरी पॅराक्वॅटबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही. काही दुकानांत ते 'जाळून टाकणारं औषध' म्हणून मिळतं. त्याला उतारा नाही. एक-दोन घोट पोटात गेले की माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, आणि पुढच्या काही दिवसांत फुप्फुसं बंद पडत जातात. युरोपात ते २००७ पासून बंद आहे. आमची हात जोडून विनंती आहे, की कोणतंही तणनाशक थंड पेयाच्या बाटलीत काढून घरात ठेवू नका. उरलं तर मूळ डब्यात, कुलपात. तान्हेल्या पोरानं बाटली पाहिली तर ते लेबल वाचत नाही.

डब्यावरच्या रंगीत चौकोनाबद्दलही सभेत विचारलं होतं. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत कमी. पण तो रंग एकदम पोटात गेलं तर काय होईल तेवढंच सांगतो. थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर काय, याचं उत्तर त्या रंगात नाही. हिरवा चौकोन पाहून हातानं कालवणाऱ्यांनी हे समजून घ्यावं.

त्या मावशींची गोष्ट अर्धी राहिली. मदतनिसानं त्यांना ग्लायफोसेट, मिलिग्रॅम वगैरे काही सांगितलं नाही. सांगून कळलंही नसतं. तो रानमालकाकडे गेला आणि म्हणाला, "दादा, पंप फिरवला की चारी कोपऱ्यांना एक एक काठी रोवा, काठीला लाल फडकं बांधा. फडकं आहे तोवर ह्या रानातली भाजी नाही, वैरण नाही." दादांनी घरातलं जुनं लुगडं फाडलं. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या दोघांनी तसंच केलं, आणि मावशी आता फडकं पाहून रान ओलांडून पुढं जातात.

सर्व गट ऑफिसांत लाल फडकी कापून ठेवली आहेत. खताची किंवा बेण्याची चिठ्ठी घ्यायला याल तेव्हा मागून घ्यावी, पैसे नाहीत. भांगलणीच्या मुकादमांनाही फडक्याचा अर्थ सांगून ठेवावा. फडकं काढायचं ते तण पुरतं वाळून मोडल्यावर, आणि त्या जागी नवं उगवेल तीच भाजी खुडायची.